हसऱ्या कुत्र्याच्या आंत

इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसानें रहस्यकथा वाचाव्या त्या निजावयाच्या खोलींत, दिवाणखान्यांत त्यांचें नांवहि काढूं नये, असा आमच्या व्यवसायांत एक अलिखित संकेत आहे. तो मोडून आज मी स्टीफन किंग ह्यांच्या ‘जॉयलँड’विषयीं लिहावयास बसलों आहें. १९७३ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर एका करमणूक-उद्यानांत चाकरीस राहिलेल्या कॉलेजच्या मुलामुलींची ही कथा २०१३ सालीं प्रसिद्ध झाली.

चार वर्षांपूर्वीं तेथल्या भुतांच्या घरांत एका तरुणीचा खून झालेला असतो. खुनी कोण, हें मी अर्थातच सांगणार नाहीं. तें सांगून टाकणारा टीकाकार माझ्या मतें खुन्याहून फारसा बरा नव्हे. परंतु मला खिळवून ठेवलें तें त्या प्रश्नानें नव्हे, तेथल्या कामानें. नायक डेव्हिन जोन्स एकवीस वर्षांचा. प्रेयसीनें नुकतीच पाठ फिरविलेली. हावी नांवाचा हसरा कुत्रा हें उद्यानाचें आराध्यदैवत. त्याचें केसाळ सोंग चढवून डेव्हिननें भर उन्हांत लहान मुलांपुढें नाचावयाचें! आंत मुलगा घामानें आणि दुःखानें भिजलेला. बाहेर मुखवटा आपला हसतोच आहे. गिऱ्हाइकांना तेथल्या बोलींत ‘ससे’ म्हणतात. अशाच एका चिमुकल्या सशाच्या घशांत सॉसेजचा घांस अडकतो, तेव्हां तिचे प्राण वांचवितो तोहि हाच कुत्रा.

हें पुस्तक मला माझ्या एका विद्यार्थ्यानें आणून दिलें. संध्याकाळीं एका खेळण्यांच्या दुकानाच्या दारांत तो अस्वल होऊन उभा असतो, हें मला तेव्हांच कळलें. “सर, आंत कसें उकडतें तें ह्या माणसाला बरोबर ठाऊक आहे,” एवढाच त्याचा अभिप्राय. शैलीविषयीं तो एक अक्षर बोलला नाहीं, आणि मलाहि विचारण्याचा धीर झाला नाहीं.

त्या वाक्यानंतर रहस्याची गुंफणहि मला निराळी दिसूं लागली. खुन्याचीं छायाचित्रें उपलब्ध असतात. उद्यानांत गिऱ्हाइकांचे फोटो काढीत हिंडणाऱ्या मुलींनींच तीं टिपलेलीं. टोपी, काळा चष्मा, दाढी सर्वांना दिसते. माणूस कोणालाच दिसत नाहीं. सोंगाच्या आंत कोणी तरी असतें, ही गोष्ट ज्यांनीं स्वतःच्या अंगानें जाणली, त्या उन्हाळी नोकरांच्या हातीं आल्यावरच तीं चित्रें बोलूं लागतात. मग भूत कशाला हवें होतें, असें मला राहून राहून वाटतें. पण किंग ह्यांना भुतावांचून चैन पडत नसावी.

हंगाम संपून फाटकें बंद झाल्यावर, चाकाच्या खुर्चींतील माईक नांवाच्या एका आजारी मुलासाठीं उद्यान एक दिवस उघडतात. तीं पानें मीं दोनदां वाचलीं. पाळणे पुनः फिरूं लागतात. गर्दी नाहीं, तिकिटें नाहींत. गिऱ्हाईक एकच, आणि आपण उन्हाळाभर विकली ती वस्तु कशी दिसते हें पाहावयाला नोकरांना त्या दिवशीं सवड मिळते.