विहीर सरकली!

शनिवार-रविवारी लॅपटॉप उघडायचा नाही, असा नियम मी दर सोमवारी करतो. तो कधी मोडतो ते सांगायला नकोच! या वेळी मात्र निमित्त चांगलं होतं. आमचा चार-पाच जणांचा गट पुरंदर तालुक्यातल्या एका गावात पाणलोटाच्या कामाला अधूनमधून जातो. तिथल्या जुन्या विहिरींचा नकाशा हवा होता. कुठली बुजली, कुठली जिवंत आहे, ओढ्यावर बांध घातला तर कुणाचं पाणी वाढेल, हे एका कागदावर दिसावं म्हणून. "तू सॉफ्टवेअरवाला ना, मग तूच कर," असं एकमताने ठरलं. (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर दुरुस्तीपासून सगळं येतं, हा समज अजून टिकून आहे.)

एका जुन्या टोपोशीटची स्कॅन केलेली प्रत मिळाली. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवरचे ५० मीटर. चारी कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले होते. ते क्यूजीआयएसमध्ये भरले आणि एकेका विहिरीवर टिचकी मारत चौदा बिंदूंचा थर तयार केला. व्हेक्टर नकाशा म्हणजे शेवटी चित्र नव्हेच, आकड्यांची यादी. विहीर असेल तर आकड्यांची एक जोडी, ओढा असेल तर जोड्यांची माळ, शेत असेल तर त्याच माळेची दोन्ही टोकं जुळवलेली.

आता मला अंतरं मीटरमध्ये हवी होती. अंशात अंतर मोजून कुणाला काय कळणार? त्यासाठी यूटीएम पद्धत असते. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत, आणि ७२ ते ७८ अंश पूर्व हा आपला ४३ वा पट्टा. (महाराष्ट्र एका पट्ट्यात मावत नाही बरं का! अमरावती ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये.) मी थराच्या गुणधर्मांत गेलो, 'यूटीएम ४३ उत्तर' निवडलं, ओके केलं. आणि चौदाही विहिरी गायब!

शोधल्यावर सापडल्या. मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तालगत, भर समुद्रात. तेही सगळ्या मिळून एका तळहातात मावतील एवढ्या जागेत!

झालं असं होतं की, या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगवेगळ्या आज्ञा असतात आणि नवशिक्याला त्या एकच वाटतात. एक आज्ञा थरावर फक्त चिठ्ठी चिकटवते: 'हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत.' आकड्यांना हातही लावत नाही. दुसरी आज्ञा खरोखर गणित करून आकडे बदलते आणि नवा थर साठवते. मी चिठ्ठी बदलली होती. ७४ अंश रेखांश हे सॉफ्टवेअरने ७४ मीटर समजून घेतले, १८ अंशांचे १८ मीटर झाले. दहा तोळ्यांच्या डब्यावर 'दहा ग्रॅम' अशी चिठ्ठी लावली म्हणून सोनं काही कमी होत नाही, पण चिठ्ठी वाचून भाव करणारा मात्र बुडतो.

या चुकीवर मी मनसोक्त हसलो. चिठ्ठी काढली आणि मुकाट्याने नेहमीची लावली: डब्ल्यूजीएस-८४, म्हणजे जीपीएस वापरतं ती. मग रीतसर रूपांतर करून यूटीएम ४३. विहिरी पुरंदरात परत आल्या. खाली उपग्रहाचं चित्र टाकलं, शेतात विहिरी दिसत होत्या. रात्री एक वाजता छान रंगीत प्रिंट काढली आणि झोपलो.

रविवारी गावात पारावर नकाशा पसरला. आबा बराच वेळ त्याच्यावर वाकून बसले होते. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही आमची हीर न्हवं का? हितं कशी आली? हे तर बारक्याचं रान."

बारक्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. वाटण्या होऊन बरीच वर्षं झालीत, आणि त्या विहिरीच्या पाण्यावरून दोघांत बोलणं नाही. बारक्याही तिथेच उभा होता. तो नकाशाकडे बघून फक्त हसला आणि म्हणाला, "कागदावर आलंय म्हटल्यावर काय..." आणि त्याने मोबाइल काढून फोटो घेतला.

माझ्या पोटात गोळा आला.

घरी येऊन बघतो तर सगळ्याच विहिरी सरकलेल्या. सुमारे ८० मीटर पूर्वेला, १०५ मीटर दक्षिणेला. म्हणजे सरळ रेषेत १३० मीटर, टोपोशीटवर जेमतेम अडीच मिलिमीटर! चौदाही विहिरी एकाच दिशेला, एकसारख्या. टिचकी चुकली असती तर चुका चहूकडे पांगल्या असत्या. इतकी शिस्तबद्ध चूक नेहमी मुळातली असते.

मूळ होतं चिठ्ठीतच. अक्षांश-रेखांश हे पृथ्वीवरचे आकडे खरे, पण कुणाच्या पृथ्वीवरचे? पृथ्वी काही नीट गोल नाही, म्हणून तिच्या जागी गणितासाठी एक चपटा लंबगोल धरतात. जुनी टोपोशीट ज्यावर बेतलेली आहेत तो लंबगोल जॉर्ज एव्हरेस्टचा, १८३० सालचा. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम एव्हरेस्टने पुढे नेलं. (लँबटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.) या माणसांनी साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन भारताची जमीन मोजली आणि भारतावर नीट बसेल अशी पृथ्वी कल्पिली. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हा तिचा आरंभबिंदू. जीपीएसची पृथ्वी मात्र सगळ्या जगासाठी. तिची त्रिज्या एव्हरेस्टच्या पृथ्वीपेक्षा आठशेहून जास्त मीटरने मोठी आणि दोघींची केंद्रं आठशेहून जास्त मीटर लांब! २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात नागरी वापराच्या टोपोशीटसाठी डब्ल्यूजीएस-८४ ठरलं. पण माझी प्रत त्याआधीची होती.

दुरुस्ती दहा मिनिटांची. थरावर आधी खरी चिठ्ठी लावली: कल्याणपूर १९७५. मग डब्ल्यूजीएस-८४ मध्ये रूपांतर. त्यात केंद्र हलवण्याचे तीन आकडे लागतात: २९५, ७३६ आणि २५७ मीटर. शेवटी यूटीएम ४३. आबांची विहीर आबांच्या रानात गेली.

पण मला त्रास झाला तो वेगळाच. समुद्रातल्या विहिरींनी कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ती चूक कुणालाही दिसली असती. १३० मीटरची चूक खऱ्यासारखी दिसते. शेतातली विहीर शेतातच असते, फक्त दुसऱ्याच्या. आणि वर ती रंगीत, सुबक, कॉम्प्युटरवर केलेली!

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पाराच्या कोपऱ्यावर मोबाइलचं जीपीएस लावून नकाशा आधी ताडून पाहिला (हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं). चूक कुणाची ते सगळ्यांसमोर सांगितलं, जुनी प्रिंट सगळ्यांसमोर फाडली. नव्या नकाशावर ठळक लिहिलं की यावरून हद्द किंवा मालकी ठरवू नये. एवढ्या लहान प्रमाणाच्या कागदावर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी जमिनीवर २५ मीटर होतात, आणि त्या तीन आकड्यांतही दहा-पंधरा मीटरची अनिश्चितता आहेच.

आबा म्हणाले, "जाऊ द्या साहेब. हीर कुटं हाय ते मला ठावं हाय."

त्यांना ठाऊक आहे हो. पण तो फोटो तोवर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता. थराचं रूपांतर करता येतं, फोटोचं कसं करणार?

असो. पुढच्या शनिवारी लॅपटॉप उघडायचा नाही. नक्की.