धरणाच्या पाण्यावर वेगाची बोट

वेग घेतलेली मोटारबोट पाण्यावर तरंगत नाही, घसरते. सावकाश चाललेली बोट आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून पुढे जाते. इंजिनाचा जोर वाढला की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढते, नाक वर करते, मग सपाट होऊन पृष्ठभागावरून धावू लागते. इथून तिचे वागणे बदलते. तळाचा थोडाच भाग पाण्याला टेकलेला असतो, सुकाणू हलके होते, आणि संथ गतीत कपडे भिजण्यावर भागली असती ती चूक आता हाडांवर येते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर. मोर्शी-वरूड रस्त्यावरच्या दुचाकीस्वाराला हा वेग रखडपट्टीच वाटेल. पाण्यावर मात्र बोट एवढ्या वेगात सेकंदाला दहा मीटरहून जास्त अंतर तोडते, आणि तिला ब्रेक नसतो.

अमरावती-अकोल्यात बोटींच्या शर्यतींची परंपरा नाही. मार्च 2017 मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटी धावल्या, तशी हौस सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर किंवा महानच्या काटेपूर्णा प्रकल्पावर कोणी करत नाही. वऱ्हाडात वेगाची बोट म्हणजे बहुतेक वेळा शोध व बचाव पथकाची रबरी बोट, मागच्या फळीला 25 किंवा 40 अश्वशक्तीचे इंजिन लावलेली. पथकातली माणसे या इंजिनाला ओबीएम म्हणतात. शर्यतीचा चालक हौसेने वेग घेतो. इथला चालक कोणीतरी बुडाल्याचा फोन आला म्हणून घेतो. काठावर गर्दी जमलेली असते, नातेवाईक हात जोडून उभे असतात आणि प्रत्येक जण लवकर करा म्हणत असतो. अशा वेळी गॅस किती उघडायचा हे ठरवणारा हात एकच असतो. त्या हाताने निर्णय गर्दीवर सोपवला, की पथकाची बोटच पुढच्या फोनचे कारण होऊ शकते.

धरणाचे पाणी समुद्रापेक्षा सोपे, हा समज खरा नाही. समुद्राचा नकाशा असतो. बुडीत क्षेत्राचा तळ मात्र पाण्याच्या पातळीप्रमाणे दर महिन्याला नवा होतो. भाद्रपदात दरवाजे उघडले जातात तेव्हा जिथे खोल पाणी असते, तिथे चैत्र-वैशाखात बाभळीचे खुंट, शेतांचे जुने धुरे, पाण्याखाली गेलेल्या विहिरींची तोंडे वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. गाळपेर करणाऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल काठापासून बऱ्याच आतपर्यंत आलेल्या असतात. मासेमारांची जाळी वेगळीच. नायलॉनचे जाळे पंख्यात गुंडाळले की इंजिन जागीच गप्प होते आणि बोट वाऱ्याच्या हवाली. याची माहिती कोणत्याही यंत्रावर मिळत नाही. ती रोज डोंगा घेऊन पाण्यात उतरणाऱ्या भोयांकडे असते. “तिकून नोका जाऊ भाऊ, खाली इहीर हाये,” एवढे एक वाक्य चालकाला दुर्बिणीपेक्षा जास्त दाखवते, फक्त ते निघण्याआधी विचारून घ्यावे लागते.

पाण्यावरच्या वेगाने तर जगातले नामवंत चालकही नेले. सर हेन्री सेग्रेव्ह यांनी 13 जून 1930 रोजी इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरावर ताशी सुमारे 159 किलोमीटरचा विक्रम केला. त्यानंतरच्या फेरीत बोट बहुधा एका ओंडक्यावर आदळली आणि ते त्याच दिवशी गेले. डोनाल्ड कॅम्पबेल 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन वॉटरवर मरण पावले. पहिल्या फेरीच्या लाटा शांत व्हायची वाट न पाहता त्यांनी परतीची फेरी घेतली होती. त्यांची बोट तेव्हा ताशी 300 मैलांच्या पुढे होती. दोघेही अनाडी नव्हते. पूर आलेल्या पूर्णेत तर आख्खी झाडे वाहत येतात, आणि अर्धे बुडालेले खोड वीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. वीस मीटर म्हणजे वरच्या हिशेबाने दोन सेकंदसुद्धा नाहीत. म्हणून वेगाची मर्यादा इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. समोरचे जेवढे नीट दिसते, तेवढ्या अंतरात बोट वळवता किंवा थांबवता आली पाहिजे. गढूळ पाणी, मावळतीचे ऊन डोळ्यांवर, पाऊस, यांतले काहीही असले की वेग उतरवायचा.

अडथळा दिसल्यावर नवखा चालक घाबरून गॅस एकदम सोडतो. हे धोक्याचे आहे. बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या बोटीला पंख्याच्या रेट्यामुळे दिशा मिळते. रेटा गेला की सुकाणू जवळजवळ निकामी होते आणि बोट सरळ अडथळ्याकडे जात राहते. शिवाय मागून येणारी तिचीच लाट फळीवरून आत शिरते. गॅस थोडा कमी करून वळणे आणि मग थांबणे, हा क्रम हाताला रिकाम्या पाण्यात शिकवून ठेवावा लागतो. पूर्ण वेगात तीव्र वळण घेतले तर बोटीची बाहेरची कड अचानक पाणी धरते, आणि रबरी कडेवर बसलेली माणसे दगडासारखी बाहेर जातात.

चालकच बाहेर गेला तर काय, याचे उत्तर एका लाल दोरीत आहे. इंजिनाच्या बटणाजवळ ही वेटोळ्याची दोरी लटकलेली असते. एका टोकाची चकती बटणाखाली बसते, दुसरे टोक चालकाच्या अंगाला. चालक जागेवरून फेकला गेला की चकती निसटते आणि इंजिन बंद पडते. दोरी नसली तर सुकाणूचा सुटलेला दांडा एका बाजूला फिरतो, रिकामी बोट गोल घेऊन पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावर परत येते, आणि तिचा पंखा मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेत असतो. मे 2013 मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टो गावाजवळ सहा जणांचे एक कुटुंब बोटीतून असेच फेकले गेले. दोरी अंगाला नव्हती, आणि वडील व लहान मुलगी दगावली. अमेरिकेने 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर ही दोरी किंवा तिच्या जागी चालणारे यंत्र वापरणे सक्तीचे केले.

कायदा असो वा नसो, दोरीशी होणारी लबाडी सगळीकडे सारखीच. उठता-बसता इंजिन बंद पडते म्हणून दुसरे टोक इंजिनाच्याच हँडलला गुंडाळून ठेवायचे, किंवा जास्तीची एक चकती बटणाखाली कायमची खोचून द्यायची. बोट चालते, पाहणाऱ्याला दोरीही दिसते, आणि संरक्षण शून्य. दोरी मनगटाला बांधली तर दांड्यात अडकते. मांडीला गुडघ्याच्या वर किंवा लाइफ जॅकेटच्या कडीला ती बरी. दर वेळी काठावरच इंजिन सुरू करून दोरी ओढून पाहावी. याला अर्धे मिनिट लागते.

जॅकेटचेही तसेच. ते काठावर, बोटीत पाय टाकण्याआधी घालायचे. पायांमधून जाणारा पट्टा मोकळा सोडला तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि तोंड खालीच राहते. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातले आणि नात्यातले 11 जण बुडाले. तो अपघात वेगाचा नव्हता, लहान नावेत मावतील त्याहून जास्त माणसे बसल्याचा होता. पण बोटीत किती जण बसणार याचा शेवटचा शब्द चालकाचा, हे दोन्हीकडे सारखेच लागू पडते. पाहुणे, पुढारी, साहेब, कोणीही असो.

समोरून दुसरी बोट आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचे, हा पाण्यावरचा नियम. रस्त्यावर डावी बाजू धरण्याची सवय जडलेल्या माणसाचा हात ऐनवेळी उलटा जातो, त्यामुळे हा नियम घोकून पाठ करावा लागतो. वाऱ्याचे गणित मे महिन्यात दुपारनंतर बिघडते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वऱ्हाडातला वळवाचा वारा काही वेगळा नाही.

बचाव पथकांना सर्वांत जास्त फसवणारी जागा मात्र बंधाऱ्याखालची. वरून पडणारे पाणी खाली वळून पुन्हा भिंतीकडे येते. त्या चक्रात बोट ओढली जाते आणि फेसाळ पाण्यात पंख्याला पकड मिळत नाही. 23 मे 2024 रोजी अकोले तालुक्यात (हे अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले, वऱ्हाडातले अकोला नव्हे) प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसांच्या बाबतीत हे घडते, तर कोल्हापुरी बंधाऱ्यांजवळ वेगाच्या भरवशावर जाण्यात शहाणपण नाही. तिथे काठावरून दोर टाकून काम करणे मंद वाटते, आणि तेच योग्य असते.

दुरुस्त केलेल्या इंजिनाची चाचणीही मोकळ्या पाण्यातच हवी. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, 15 जणांचा मृत्यू झाला. नोंदणी, तपासणी आणि विम्यासाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. कागद हवेतच, पण धरणाच्या मधोमध चालकाच्या शेजारी कोणी निरीक्षक बसलेला नसतो.

बुडणाऱ्याजवळ पोहोचताना वेगाचे काम संपलेले असते. बरेच अंतर आधी बोट धावण्यावरून तरंगण्यावर आणायची, तिची लाट त्या माणसाच्या डोक्यावरून जाऊ द्यायची नाही. वाहत्या पाण्यात खालच्या बाजूने, प्रवाहाला तोंड करून, तो चालकाला सतत दिसेल असे जायचे. हात पोहोचायच्या आत गिअर न्यूट्रलला आणि इंजिन बंद. न्यूट्रलवर विसंबायचे नाही, कारण धक्का लागून गिअर पडू शकतो. माणूस कडेवरून आत ओढला गेला, त्याला जॅकेट घातले, सगळे खाली बसले आणि डोकी मोजून झाली, की मग लाल दोरी अंगाला लावून इंजिन पुन्हा सुरू करायचे.