झिजलेल्या कानशीचं पातं

कानस झिजते म्हणजे तिचे दात झिजतात. फाटकांच्या कडा, विळ्यांची पाती, बिजागऱ्या घासता घासता एक दिवस ती कामावरून नुसतीच घसरू लागते. मग कोनाड्यातून गोणीत आणि गोणीतून भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. तिथं तिला गंजक्या पत्र्याच्या भावानं तोलतात. मला ते तोलणं बघवत नाही. चांगल्या कानशीच्या पोलादात एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त कार्बन असतो. साध्या लोखंडी पट्टीत तो सहसा पाव टक्क्याच्या आत. एवढ्याशा फरकानं एक लोखंड धार धरतं आणि दुसरं धरत नाही. हा कार्बन दातांबरोबर झिजून जात नाही. ज्याच्या बळावर कानशीनं जन्मभर लोखंड कापलं, ते तिच्या अंगात तसंच असतं. संपलेला असतो तो तिचा आकार.

म्हणून रानात न्यायची सुरी करायची असली की मी नवं पोलाद आणत नाही. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला सुरीकडून काय हवं असतं? वेळूची काठी तासायची, दोर कापायचा, वाटेत आडवी आलेली करवंदीची फांदी छाटायची, पावसात भिजलेल्या काटकीची साल काढून आतला कोरडा गाभा चुलीला द्यायचा. त्याला चार इंचांचं पातं आणि मुठीच्या टोकापर्यंत मागं गेलेलं अखंड पोलाद पुरतं. हे सगळं एका चपट्या जुन्या कानशीत आधीपासूनच असतं.

जुन्या अवजारातून नवं घडवण्याची रीत फार पसरलेली आहे. उसाच्या फडातला किंवा कोकणात कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता कित्येकदा ट्रकच्या पाट्यातून निघालेला असतो. नेपाळातले कामी लोहारही खुकरी घडवायला गाड्यांचे पाटे घेतात. 19व्या शतकात अमेरिकेतले लोहार झिजलेल्या कानशींच्या सुऱ्या करत; काही पात्यांवर त्या दातांच्या रेघा अजून दिसतात. पाट्यात कार्बन सुमारे 0.6 टक्के, म्हणजे कानशीहून कमी; पण हिसके सोसण्याची ताकद जास्त. म्हणून लाकडावर घाव घालायचा कोयता पाट्याचा आणि नाजूक कामाची सुरी कानशीची.

बाजाराच्या दिवशी पाल ठोकून बसणारे घिसाडी हा निवाडा हातानं आणि कानानं करतात. नवरा सांडशीत धरलेलं लालभडक लोखंड ऐरणीवर फिरवतो, बायको घण घालते, पोर भात्याचं चाक फिरवतं. अशाच एका पालासमोर मी ट्रकचा पाटा घेऊन उभा होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी तो उचलला आणि ऐरणीवर वाजवला. “आधी वाजवून बघावा, दादा,” ते म्हणाले, “आतून तडकला असंल तर त्योच सांगतो.” पाट्याचं सारं आयुष्य वाकण्यात आणि सरळ होण्यात जातं. खड्ड्याखड्ड्यागणिक बसणाऱ्या हिसक्यांनी त्याच्या पोटात बारीक भेगा पडू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. तडकलेला पाटा बद्द वाजतो, धड पाटा खणखणतो. त्या दिवसापासून कुठलीही जुनी वस्तू हातात आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: हिचं नेमकं काय संपलंय? कानशीचे दात संपले असतील तर ती जिवंत आहे. पाट्याचा जीवच आतून तुटला असेल तर त्याला भट्टीत घालण्यात अर्थ नाही.

कानशीचीही परीक्षा घ्यावी लागते, कारण काही स्वस्त कानशी वरवर कडक आणि आत मऊ असतात. ग्राइंडरच्या चाकाला टेकवली की ठिणग्या बोलतात. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांत जातात. कार्बनवाल्या पोलादाच्या ठिणग्यांना वाटेतच फाटे फुटतात, फुलं पडतात. दात उडवून आत गेल्यावरही ती फुलं पडत राहिली, तर कानस आरपार पोलादाची आहे.

मग तिचा कडकपणा काढून घ्यायचा. भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची आणि राखेच्या ढिगात पुरून रात्रभर सावकाश निवू द्यायची. सकाळी ती इतकी नरम होते की नवी कानस तिला सहज कापते. पात्याचा आकार, धारेकडचा उतार, मुठीच्या खिळ्यांची भोकं, सगळं ह्याच वेळी करायचं. पाठीजवळचे दोन-चार ओळी दात मी मुद्दाम राखतो; सुरीला तिचं कूळ अंगावर मिरवू द्यावं. कड मात्र अजून जाड ठेवायची, कारण पातळ कड पाणी देताना वाकते किंवा तडकते.

पाणी द्यायचं ते संध्याकाळी. उन्हात लोखंडाची लाली कळत नाही. पातं तापत असताना मधूनमधून लोहचुंबक टेकवून पाहायचं. ते चिकटेनासं झालं की पोलाद 770 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं. अजून थोडी आंच, सगळीकडे एकसारखी लाली, आणि मग पातं सरळ कोमट शेंगदाणा तेलात. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं, सांडशी लांब आणि हात झाकलेले हवेत. तापलेल्या पोलादात विरघळलेल्या कार्बनला त्या क्षणी बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि लोखंडाच्या अणूंची मांडणी ताणून धरतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून त्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. आता नवी कानस ह्या पात्यावरून घसरते. पण हेच पातं फरशीवर पडलं तर त्याचे दोन तुकडे होतील.

माझ्या मते सुरी खऱ्या अर्थानं घडते ती यानंतर. पातं घासून उजळायचं आणि 200 ते 220 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवायचं. निवलं की पुन्हा दोन तास. उजळलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आंच वाढेल तसे त्याचे रंग पालटतात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या सुमाराला निळा. धार पिवळ्यावर थांबवायची. नंतर धार पाण्यात बुडवून ठेवून पाठीला वरून ज्योत दाखवली की पाठ तेवढी निळी होते. असं पातं धारेला कडक आणि पाठीला सोशिक असतं. कडकपणा थोडा सोडून दिला म्हणून ते टिकतं. शेवटची धार लावतानाही सावध राहावं लागतं. चाकावर दर खेपेला पातं पाण्यात बुडवायचं. कडेवर निळी झाक दिसली की तिथलं पाणी उतरलं.

मुठीला शिसवाच्या दोन पट्ट्या, पितळी खिळे आणि वर अळशीचं तेल. मूठ हातात बसली की सुरी रानात जायला तयार.

अशी सुरी दुकानातल्या सुरीपेक्षा स्वस्त पडते असं मी म्हणणार नाही. वेळ धरला तर ती महागच पडते. पण ती करताना पोलाद कळतं, आणि पोलाद कळणाऱ्या माणसांची किंमतही कळते. एके काळी फाळ शेवटून घ्यायला सारं गाव लोहाराच्या दारी जाई. आता साच्यातली अवजारं ढिगानं मिळतात, मोडली की टाकून देतात, आणि पालासमोरची गर्दी ओसरते. जी दृष्टी कानस आणि पत्रा यांत फरक करत नाही, तीच कारागीर आणि मजूर यांतही करत नाही. तेव्हा घरात एखादी झिजलेली कानस असेल तर ती भंगारात घालू नका. बाजाराच्या दिवशी घिसाड्याकडे न्या, तिचं काय होईल ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या. पोलादाची पारख त्याला आहे. त्याच्या हाताची पारख आपल्याला यायला हवी.