नम्रता म्हणजे लाचारी नव्हे

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना नम्रतेचे धडे ऐकायला आवडत नसत. त्याला तसेच कारण होते. गावात त्यांच्या वाडवडिलांना वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. ते वाकणे सक्तीचे होते. त्या जागी आपण 'जयभीम' आणला. जयभीम म्हणताना आपली मान ताठ असते आणि समोरच्याचीही मान ताठ राहावी, अशी भावना त्यात असते. कामाच्या ठिकाणी सौजन्याने वागावे ते याच भावनेने.

कामावर होणारा अपमान आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धागा इतर कामगारांना चालत नसे. त्या खात्यात पगार मात्र जास्त होता. म्हणजे तुच्छतेची वागणूक थेट पोटावर येत होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारच कामगाराला कसा दूर ठेवतो, हे बाबासाहेबांनी तिथे परखडपणे मांडले.

आज पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत आपली मुले-मुली काम करतात. भोसरीच्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथे कायम कामगाराला आडनावाने हाक मारीत आणि कंत्राटी पोराला 'ए हेल्पर' म्हणत. असे म्हणणाऱ्यांत आपलेही बांधव असत, याचे जास्त वाईट वाटे.

एकदा लातूरकडच्या एका पोराला प्रेसवर काम करताना ताप भरला. "नाटकं करतोय," म्हणून सुपरवायझर ओरडला. आमच्यातल्या एका जुन्या कामगाराने त्याला नाव विचारले, स्टुलावर बसवून पाणी दिले आणि गेटपास मिळवून घरी पाठवले. पुढच्याच आठवड्यात त्या पोराने आपणहून येऊन सांगितले, "काका, प्रेसचा गार्ड सैल झालाय." ज्याला सतत हडतहुडत केली जाते, तो असे सांगायला येत नाही. आणि प्रेसवर न सांगितलेली गोष्ट कोणाच्या तरी बोटांवर बेतते.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यात राबणाऱ्या माणसांविषयी मालकाची पाच कर्तव्ये आहेत : झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकानेही काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. म्हणून गोड बोलणाऱ्या मालकाने पगार थकवला, तर त्याला सौजन्य म्हणता येणार नाही. हक्काचे मागावेच, युनियनमध्ये ठामपणे बोलावे. पण शिवी न देता बोलावे. सम्यक वाचेत खोटे व चहाडी जशी वर्ज्य, तसेच कठोर बोलणेही वर्ज्य आहे.

माताभगिनींना याचा अनुभव अधिक असेल. पाळीवर बोलणी खाल्लेला माणूस घरी आला की तोच राग बायकोवर, लेकरांवर काढतो. ती बाईही कुठे असेंब्ली लाईनवर आठ तास उभी राहून आलेली असते. घरातले मूल बापाचे बोलणे ऐकते आणि मोठे झाल्यावर तसेच बोलते.

आपल्या या पट्ट्याला लागूनच देहूरोड आहे. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. सुट्टीच्या दिवशी आपण तिथे सहकुटुंब जातो, वंदना घेतो, पंचशील म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेल्यावर आपल्या शेजारच्या कंत्राटी पोराला, झाडणाऱ्या मावशींना, चहा आणणाऱ्याला त्यांच्या नावाने हाक मारावी. नाव माहीत नसेल तर विचारून घ्यावे. धम्म आचरणात आणण्याची सुरुवात इथूनही करता येईल.