अवयव सापडण्याआधी

२ चा ६७ वा घात घ्यावा, त्यातून १ वजा करावा, उरते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकांची ही रांग कितीही न्याहाळली तरी फारसे काही हाती लागत नाही. शेवटी ७ आहे, म्हणून २ ने किंवा ५ ने भाग जाणार नाही. अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ नेही नाही. मरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली आणि दोनशेहून अधिक वर्षे ती तिथे राहिली. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव न दाखवता! मला ही घटना विलक्षण वाटते. एखादी संख्या फुटते हे कळणे आणि ती कुठे फुटते हे कळणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत, आणि पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही. ल्युकांच्या कसोटीला पुढे लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले: ४ पासून निघावे, वर्ग करून २ वजा करावेत, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवावी, असे ६५ वेळा केल्यावर बाकी ० उरली तरच संख्या मूळ. इथे ती उरत नाही. या साऱ्या खटाटोपात भाजक कुठेच डोकावत नाही.

ते सापडले १९०३ मध्ये. फ्रँक नेल्सन कोल यांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेपुढे ते मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. निकाल आधीच लागला होता, मग नवे काय मिळाले, असे कुणी विचारेल. पण ल्युकांचा निकाल मानायचा तर त्यामागचा सिद्धान्त उमगायला हवा. कोल यांचा पडताळायला पाटी-पेन्सिल पुरते. त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला, अशी कथा सांगतात. ती सजवलेली असेलही, पण या सिद्धतेला शब्द लागत नाहीत हे खरेच. शिवाय अवयव हाती आले की संख्येची आतली वीण दिसते. तिच्या प्रत्येक मूळ भाजकाला १३४ ने भागल्यावर १ च उरला पाहिजे, असा नियम आहे. आणि १९३७०७७२० म्हणजे नेमके १३४ गुणिले १४४५५८०.

आज संगणक हे काम क्षणात करतो, हा आक्षेप एकवीस अंकांपुरता बरोबर आहे. अंक वाढवत नेले की मात्र दोन ज्ञानांमधली दरी रुंदावते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळपणा ओळखण्याची अशी रीत दिली की अंक वाढले तरी तिचे श्रम आटोक्यात राहतात. अवयव पाडण्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत अजून कुणालाही सापडलेली नाही. आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच दरीवर उभी आहे. १९७७ मध्ये तिच्या कर्त्यांची १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून जाहीर झाली, आणि तिचे अवयव १९९४ मध्ये, शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून काढले. ती मूळ नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होते.