हाऊसिंग खोलण्याआधी

जुन्या फोर बाय फोरमध्ये आवाज असतातच. पाटे कुरकुरतात, मागचं दार खडखडतं, ताडपत्रीचा टप फडफडतो. माझी जिप्सी 1998 ची, 1298 सीसीची, कार्बोरेटरवाली. तिची ही रोजची रड माझ्या अंगवळणी पडली आहे. पण गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटाखालून तीन नवे आवाज यायला लागले. सकाळी गल्लीतून बाहेर पडताना, माणसाच्या चालीच्या वेगात, एक बारीक चिकचिक. क्लच सोडून गाडी उचलली की टण्. आणि ताशी 45 किलोमीटरच्या पुढे मागच्या बाजूने घुणघुण, जी 50-55 ला अगदी डोक्यात जायची.

हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि उतरतानाच निकाल दिला : "क्राउन-पिनियन गेलं. हाऊसिंग खोलावं लागणार." खर्चाचा आकडा पाचअंकी होता. तो फसवत होता असं मला वाटत नाही. मागून घुणघुण आली की डिफरेन्शियल, हे समीकरण बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण शिडीसारख्या चॅसीवर बसवलेल्या, उघड्या पत्र्याच्या गाडीत आवाज हवा तिकडे पळतो. पुढचा मागून ऐकू येतो आणि मधला सगळीकडून.

कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, जुन्या जीपगाड्यांची कामं करणारे एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी आवाजाची जागा सांगायला लागलो तसं त्यांनी हात वर केला. "सर, कुठनं येतोय ते सोडा. कवा येतोय, कवा थांबतोय, ते सांगा."

मग आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. कळ्याच्या पुढे मोकळा सरळ पट्टा लागल्यावर मामांनी मला 50 वर आधी तिसऱ्यात आणि मग चौथ्यात चालवायला लावली. इंजिनाचे फेरे बदलले, घुणघुण तशीच राहिली. म्हणजे तिचा संबंध गिअरबॉक्सनंतरच्या भागाशी, चाकांच्या वेगाशी. मागेपुढे कुणी नाही असं बघून गाडी हळूच डावी-उजवी झुलवली. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर वजन एका बाजूला पडताच आवाज वाढतो-घटतो. इथे काही फरक नाही. डांबर संपून काँक्रीटचा तुकडा आला, तरी तोच सूर, त्यामुळे टायरही सुटले. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून बघितला. क्राउन-पिनियनचे दात जोर लावताना एका बाजूने भिडतात आणि पाय काढला की दुसऱ्या. दात किंवा पिनियनचं बेअरिंग झिजलं असेल तर सहसा यातल्या एका वेळी गाडी रडते आणि दुसऱ्या वेळी गप्प होते. आमची दोन्ही वेळा सारखीच घुणघुणत होती. मामा पहिल्यांदा हसले.

जिप्सीची रचना इथे उपयोगी पडते. बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून असते. जिप्सीत ती वेगळी, चॅसीला रबरी माउंटांवर टांगलेली, आणि मध्ये एक आखूड शाफ्ट. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एकूण तीन : मधला आखूड, पुढचा आणि मागचा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस. वाजायला जागा जास्त. पण प्रत्येक भाग सुटा करून तपासायलाही जागा जास्त.

गॅरेजात आल्यावर चाकांना दगड लावले, ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला टाकला, गिअरबॉक्स चौथ्यात आणि क्लच हळूच सोडला. आता गिअरबॉक्स आणि मधला शाफ्ट फिरतायत, चाकं जागेवर. चिकचिक लगेच हजर झाली. घुणघुण मात्र कितीही रेस केलं तरी नाही. मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक आधी गिअरबॉक्सच्या, मग ट्रान्सफरच्या अंगाला टेकवलं. (फिरत्या शाफ्टजवळ हे करताना सैल बाही, गळ्यातली उपरणी वगैरे चालत नाहीत.) दोन्हीकडे बेअरिंगची स्वच्छ सळसळ. मग चिकचिक मधल्या शाफ्टच्या क्रॉसची.

घुणघुणीसाठी मागचा शाफ्टच काढला. दोन्ही टोकांचे चार-चार बोल्ट. पुढचे हब हाताने लॉक केले, दांडा फोर-हायला, आणि गाडी पुढच्या चाकांवर उद्यमनगरातून फिरवून आणली. घुणघुण गायब. एवढ्यावर डिफरेन्शियल निर्दोष ठरत नाही, कारण चाकं पिनियनला फिरवत असली तरी त्यावर जोर नसतो. म्हणून हाऊसिंगचं थोडं तेल काढून मामांनी बोटांत चोळलं. राखाडी, मऊ; चमकणारा कीस नाही.

मग शाफ्ट बाकावर आडवा ठेवला आणि मामांनी नुसतं बोट दाखवलं. हा शाफ्ट मधोमध खाचांवर सरकणारा, दोन तुकड्यांचा असतो. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. इथे एक दुसऱ्यापासून सरळ सरळ तिरपा होता. पावसाळ्याआधी कुठल्याशा गॅरेजात ग्रीसिंगसाठी तो उघडला होता. सेंटर पंचची खूण न करताच परत बसवला होता.

कोनात फिरणारा क्रॉस एकसारख्या वेगाने फिरवत नाही. शाफ्टच्या दर फेऱ्यात तो दोनदा पुढे ओढतो, दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही काटे एका रेषेत असले की दुसरा क्रॉस पहिल्याचा हा हेलकावा मोडून काढतो. नसले तर त्यात भर घालतो. 50 च्या वेगाला जिप्सीचं चाक सेकंदाला साडेसहाच्या आसपास फिरतं, शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, आणि हेलकावे त्याच्या दुप्पट. म्हणजे सेकंदाला पन्नासेक. इतक्या झपाट्याने आलेली थरथर थरथर म्हणून कळतच नाही. ती घुणघुण म्हणून ऐकू येते आणि बिचाऱ्या क्राउनवर आळ येतो.

खाचा जुळवून शाफ्ट परत बसवला. 50 ला गाडी गप्प, 60 लाही.

मधल्या शाफ्टचा क्रॉस सुटला तेव्हा एका टोपीतून विटकरी भुकटी बाकावर सांडली. आतल्या सुयांपैकी काही उभ्याच्या उभ्या गंजून गेल्या होत्या आणि क्रॉसच्या खुंटीवर त्यांच्या रेघा इतक्या खोल, की नख अडकावं. पावसात नदीकाठच्या पाण्यातून गाडी घालून नंतर ग्रीस न भरण्याचं हे फळ, असं मामा म्हणाले. त्यांच्या मते पाण्यातून आलेल्या फोर बाय फोरला त्याच आठवड्यात ग्रीसगन लागलीच पाहिजे. मला ते पटतं. वॉशिंगला देण्यापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

नवा क्रॉस बसला, चिकचिक गेली. टण् मात्र निम्माच कमी झाला. मामांनी पुन्हा गाडीखाली जाऊन ट्रान्सफर केस टॉमीने उचकटून बघितली, तर एका बाजूचं माउंट फाटलेलं; क्लच सोडला की सगळी केस उचलून आपटतेय. बाजारात मिळालेलं माउंट हाताने दाबूनच मामांनी परत दिलं, रबर फार कडक आहे म्हणून. दुसरं मागवलं आहे. तोवर पहिल्या गिअरला क्लच जरा बेतानं सोडतोय.