होकार देण्यापूर्वीं

बारावीचा निकाल लागला कीं आमचे कित्येक जुने विद्यार्थी पालकांसह पुन्हा शाळेची पायरी चढतात. गेल्या वर्षीं धडगांवाकडील एक गृहस्थ असेच मुलास घेऊन आले. मुलगा सॉफ्टबॉल व बेसबॉल दोन्ही खेळणारा; चेंडू फेकण्यांत त्याचा हात मोठा ताकदीचा. दूरच्या शहरांतील एका महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनीं फी माफ व राहणें फुकट, असें त्यास मैदानावरच तोंडीं सांगितलें होतें. "गुरुजी, होय म्हणूं ना?" एवढेंच वडिलांचें विचारणें.

आम्हीं त्यांस आठ दिवस थांबविलें. तेथील ढालींची चौकशी आम्हीं केली नाहीं. ढाली कपाटांत कोणासही दिसतात. गेल्या तीन वर्षांच्या संघाच्या याद्या मिळवून शेजारीं शेजारीं ठेवल्या. पहिल्या यादींतील बहुतेक नवीं नांवें तिसरींत नव्हतीं, आणि दरवर्षीं चेंडू फेकणारेच अधिक घेतलेले दिसले. मैदानावर मात्र एका वेळीं फेकणारा एकच! नंतर गळालेल्यांपैकीं एकास दूरध्वनी केला. त्याचा गुडघा दुखावला तेव्हां वसतिगृहांतील खाटही गेली होती. क्रीडाशिक्षकांहून अधिक माहिती त्या मुलानें पांच मिनिटांत दिली.

अमेरिकेंत बेसबॉल हा महाविद्यालयांचा मोठा खेळ. तेथेंही पालकांस हेंच करावें लागतें. वरच्या श्रेणींतील संघास 2025 पर्यंत अवघ्या 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम खेळाडूंत वांटतां येत असे. म्हणून पुष्कळांच्या वांट्यास तुकडाच येई. आतां नवी व्यवस्था पत्करलेल्या संस्थांवर ती मर्यादा नाहीं, पण संघांत 34 हून अधिक खेळाडू ठेवतां येत नाहींत. तिसऱ्या श्रेणींत तर खेळासाठीं शिष्यवृत्तीच नाहीं. शिवाय महाविद्यालय बदलूं इच्छिणाऱ्यांची नोंदवही 2018 सालीं सुरू झाल्यापासून कित्येक शिक्षक शाळकरी मुलापेक्षां दुसरीकडील तयार खेळाडूच पसंत करतात.

आपल्याकडे 1996 पासून चालूं असलेल्या सरकारी क्रीडा प्रबोधिनींत उंची, वजन, धांव यांच्या ठरलेल्या चाचण्या असतात. कशावर निवड होणार हें आधीं कळतें. मैदानावरील तोंडी बोलावण्यास असें कांहींच माप नसतें. (आमच्या काळीं फुकट जेवणाचें नांव ऐकूनच मुलें संघांत शिरत; असो.) राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंस पांच टक्के जागा राखीव आहेत खऱ्या, परंतु त्या पदास लागणारें शिक्षणही पुरें असावें लागतें. दुखापतीनें मुलगा दुसऱ्या वर्षींच घरीं परतला, तर प्रमाणपत्र एकटें किती चालणार?

वडिलांनीं त्या महाविद्यालयास एकच पत्र धाडलें: मुलगा जायबंदी झाला तरी फी व खोली तीन वर्षें राहील काय, हें लेखी कळवावें. उत्तर आलें नाहीं. मुलानें नंदुरबारासच प्रवेश घेतला. जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांचें आपलें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 पासून आहे, आणि त्याच्या संघांतूनही आंतरविद्यापीठ सामन्यांस जातां येतें. निवडचांचणीसाठीं तो सध्यां रोज पहाटे भिंतीवर चेंडू मारीत असतो. शेजाऱ्यांची तक्रार आमच्यापर्यंत आली आहे.